डॉ. रखमाबाई : ठामपणे बोलण्याचा धडा



मुलाला उत्तर येत असतं, पण उभं केलं की मान खाली जाते. हे तुम्ही रोज पाहता. आपल्या चंदगड तालुक्यात तर हे जरा जास्तच दिसतं. घरात चंदगडी बोली, पुस्तकात प्रमाण मराठी. १९५६ पर्यंत आपला तालुका बेळगाव जिल्ह्यात होता, त्यामुळं अजूनही बाजारहाट आणि दवाखाना म्हटलं की पावलं बेळगावकडं वळतात, आणि तिथं कन्नड कानावर पडतं. एवढ्या भाषांच्या मधे वाढलेल्या पोराला वाटतं, आपण बोललो की कुणीतरी हसणार. मग ते गप्प बसतं. आणि गप्प बसणारं पोर शहाणं, असं आपणच म्हणत आलोय.

गणिताच्या तासाला ही सवय फार महाग पडत नाही. पण दहावी-बारावीतल्या मुलीला बघायला पाहुणे येतात, मोठ्या पोरांची टोळी लहान पोराला तंबाखू आणायला पाठवते, ओळखीतलाच कुणीतरी नको तिथं हात लावतो, तेव्हा एक वाक्य तोंडातून निघणं फार गरजेचं असतं. ते वाक्य आयत्या वेळी सुचत नाही. ते आधीपासून शिकावं लागतं, आणि ते शिकवणं आपलं काम आहे.

यासाठी आज मी तुम्हाला एका बाईंचं चरित्र सांगणार आहे. नाव डॉ. रखमाबाई. पुस्तकात त्यांचा उल्लेख आला तर एखाद-दुसऱ्या ओळीत येतो. पण कठीण प्रसंगी ठामपणे कसं बोलावं हे शिकवायला त्यांच्याइतकं चांगलं उदाहरण मराठी मुलखात शोधून सापडणार नाही.

ठामपणा म्हणजे काय?

चरित्राकडं वळण्याआधी एवढं स्पष्ट करून घेऊ. अडचणीच्या वेळी माणूस साधारण तीन प्रकारे बोलतो. पहिला प्रकार दबून बोलण्याचा. मनात नाही असतं, तोंडानं हो निघतं आणि नंतर आतल्या आत धुसफूस. दुसरा प्रकार अंगावर जाण्याचा. आवाज चढतो, शिव्या येतात, मूळ मुद्दा बाजूला राहतो. तिसरा प्रकार ठामपणाचा. आपलं म्हणणं काय, ते कशासाठी आणि आपण काय करणार, हे समोरच्याचा मान ठेवून स्पष्ट सांगायचं आणि त्यावर टिकून राहायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेल्या दहा जीवनकौशल्यांत प्रभावी संप्रेषण आहे, निर्णय घेणं आहे, भावनांना तोंड देणं आहे. या तिन्हींची गाठ ठामपणात पडते.

व्याख्या पोरं पाठ करतील आणि विसरतील. माणसाची गोष्ट मात्र विसरत नाहीत. म्हणून आता गोष्ट.

बालपण आणि लग्न

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. घर सुतार समाजातलं. आईचं नाव जयंतीबाई, वडिलांचं जनार्दन पांडुरंग. जयंतीबाईंचं लग्न चौदाव्या वर्षी झालं, पंधराव्या वर्षी रखमाबाई झाल्या आणि सतराव्या वर्षी त्या विधवा झाल्या. आज आपल्या अकरावीच्या वर्गात बसते त्या वयात या बाईचा संसार सुरू होऊन संपलाही होता.

त्यांच्या समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला बंदी नव्हती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. हे गृहस्थ विद्वान. ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित डॉक्टर, वनस्पतींचे अभ्यासक, आणि १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. लग्नाआधी जयंतीबाईंनी पहिल्या नवऱ्याकडून आलेली मालमत्ता मुलीच्या नावे केली होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचा संबंध येणार आहे.

इतक्या शिकलेल्या घरातही रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लागलं. नवरा दादाजी भिकाजी, वय एकोणीस-वीस, सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातला. अट अशी होती की त्यानं सासरेबुवांच्या घरी राहायचं आणि शिकून मोठं व्हायचं. रखमाबाई वयात आल्यावर गर्भाधानाचा विधी करण्याचा आग्रह सुरू झाला. डॉक्टर असलेल्या सखाराम अर्जुन यांनी नकार दिला. इतक्या लहान मुलीवर संसार लादणं त्यांना मान्य नव्हतं. या कथेतला हा पहिला ठाम नकार, आणि तो एका बापानं दिलेला आहे. पालकहो, हे विशेष तुमच्यासाठी.

दादाजीला शिक्षणात रस नव्हता. तो तिथून निघून आपल्या मामाकडं, नारायण धुर्माजीकडं राहायला गेला. रखमाबाई आईकडंच राहिल्या. शाळा सुटलेली होती, पण त्यांनी फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तकं आणून घरीच इंग्रजी शिकायला सुरुवात केली. घरी येणाऱ्या सुधारक मंडळींचं बोलणं कानावर पडत होतं. लग्न झालेलं, पण सासरी न गेलेली मुलगी घरात बसून वाचते, यावर शेजारीपाजारी काय बोलत असतील ते तुम्हाला सांगायला नको. अशी वर्षं गेली आणि अकरा वर्षांची नवरी एकोणीस वर्षांची विचार करणारी तरुणी झाली.

पहिला नकार

मार्च १८८४ मध्ये दादाजीनं वकिलामार्फत पत्र पाठवलं. बायकोला नांदायला पाठवा, असा त्याचा मजकूर. सखाराम अर्जुन यांनी आपण तिला अडवत नसल्याचं कळवलं. म्हणजे आता उत्तर द्यायचं होतं ते खुद्द रखमाबाईंनी.

त्यांनी नकार दिला. कसा दिला, ते नीट बघा. त्यांनी कारणं सांगितली. दादाजी दोघांचा सांभाळ करण्याच्या स्थितीत नाही. त्याची प्रकृती ठीक नाही. ज्या मामाच्या आश्रयाला तो राहतो, त्या घरातलं वातावरण चांगलं नाही. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट होती जी त्या काळी बायकांच्या तोंडून कोर्टात कुणी ऐकलीच नव्हती. लग्न झालं तेव्हा आपण अजाण होतो, आपली संमती कुणी विचारली नाही, म्हणून हे लग्न आपण मानत नाही.

आदळआपट नाही, घर सोडून पळून जाणं नाही. मुद्दे आणि त्यामागची कारणं. वर्गात ठामपणा शिकवताना हाच साचा वापरता येतो.

दादाजी मुंबईच्या हायकोर्टात गेला. दावा होता बायकोनं नांदायला यावं यासाठीचा. खटला चालू असतानाच, एप्रिल १८८५ मध्ये सखाराम अर्जुन वारले. पाठीशी उभा असलेला सर्वांत मोठा आधार ऐन वेळी गेला. मुलगी आता माघार घेईल, असं बऱ्याच जणांना वाटलं असेल. तिनं घेतली नाही.

टोपणनावानं लिहिलेली पत्रं

त्याच वर्षी, २६ जून १८८५ रोजी, टाइम्स ऑफ इंडियामध्ये एक पत्र छापून आलं. विषय बालविवाह. खाली नाव नव्हतं, एक हिंदू स्त्री एवढीच सही होती. सप्टेंबरमध्ये दुसरं पत्र आलं, विधवांवर लादलेल्या आयुष्याबद्दल. मुलींचं शिक्षण कसं तुटतं, मन आणि शरीर तयार नसताना संसार कसा गळ्यात पडतो, मुलग्यांचंही त्यात कसं नुकसान होतं, हे त्यात मांडलेलं होतं. ही पत्रं रखमाबाईंची होती.

यात आपल्यासाठी मोठी गोष्ट आहे. ठामपणे बोलणं म्हणजे दर वेळी चारचौघांत छाती पुढं काढून बोलणं नव्हे. तोंडानं बोलता येत नसेल तर लिहावं. नाव सांगायची भीती वाटत असेल तर सुरुवातीला नावाशिवाय सांगावं. आपल्या शाळेत तक्रारपेटी असते. तिला कुलूप असतं, पण ते उघडून आतल्या चिठ्ठ्या वाचल्या जातात का, हे तपासा. बोलायला घाबरणाऱ्या पोराची पहिली पायरी बहुतेक वेळा तीच असते.

कोर्टातली चढउतार

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल दिला. लहानपणी, कळत नसताना लग्न झालेल्या आणि नवऱ्यासोबत कधीच न राहिलेल्या तरुणीला जबरदस्तीनं त्याच्या घरी पाठवता येणार नाही, असं त्यांनी ठरवलं. दादाजीचा दावा फेटाळला गेला.

निकालानं देशभर वादळ उठलं. बेहरामजी मलबारी यांच्यासारखे सुधारक रखमाबाईंच्या बाजूनं उभे राहिले. दुसरीकडं, परकीय सरकारच्या कोर्टानं आमच्या धर्मात आणि घरात ढवळाढवळ करू नये, असं म्हणणारेही खूप होते. पुण्याच्या मराठा या वृत्तपत्रातून टिळकांनी या निकालावर टीका केली. मुलांना हे सांगताना एक सांभाळा. टिळक आपल्याला वंदनीय आहेत आणि रखमाबाईही. मोठी माणसंही एखाद्या प्रश्नावर चुकीच्या बाजूला असू शकतात. ठाम माणसाला कधीकधी आपण ज्यांना मानतो त्यांच्या विरोधातही उभं राहावं लागतं.

अपील झालं. १८८६ मध्ये वरच्या खंडपीठानं पहिला निकाल फिरवला आणि खटला पुन्हा चालवायला पाठवला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांचा निकाल आला. एका महिन्याच्या आत नवऱ्याकडं जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा.

या तारखेच्या सहाच दिवस आधी, २६ फेब्रुवारीला, डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात वारल्या होत्या. आनंदीबाईंचा आपल्या कोल्हापूरशी संबंध आहे. अमेरिकेत डॉक्टर झाल्यावर त्यांची नेमणूक कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात झाली होती, ज्याला आज आपण सीपीआर म्हणतो. तिथं रुजू होण्याआधीच त्या गेल्या. एका आठवड्यात महाराष्ट्रानं एक शिकलेली मुलगी गमावली आणि शिकू पाहणाऱ्या दुसरीला तुरुंगाची धमकी दिली.

रखमाबाईंचं वय तेव्हा बावीस. त्यांनी सांगितलं की आपण तुरुंगात जायला तयार आहोत, पण त्या घरी जाणार नाही. कोर्टाचा अपमान केला नाही, कोर्टाला फसवलं नाही, लपून बसल्या नाहीत. नकाराची किंमत काय आहे ते विचारलं आणि ती द्यायची तयारी दाखवली. ९ एप्रिल १८८७ रोजी त्यांचं पत्र थेट लंडनच्या टाइम्समध्ये छापून आलं आणि मुंबईतल्या एका मुलीचा प्रश्न सातासमुद्रापार गेला. पुढं दादाजीनं आपली बाजू पुस्तिका काढून मांडली. हा सगळा वाद मुलीच्या नावावर असलेल्या मालमत्तेसाठी आहे, असं त्याचं म्हणणं. रखमाबाईंनी त्यालाही वर्तमानपत्रातून उत्तर दिलं. आरोप झाला की गप्प बसून तो खरा ठरू द्यायचा नाही, हेही त्यांच्याकडून शिकावं.

तडजोड, पण कशावर?

जुलै १८८८ मध्ये प्रकरण मिटलं. दादाजीनं दोन हजार रुपये घेऊन आपला हक्क सोडला. त्यानं नंतर दुसरं लग्न केलं. रखमाबाई तुरुंगात गेल्या नाहीत आणि सासरीही गेल्या नाहीत.

वर्गात एखादं चुणचुणीत पोर इथं विचारेल, म्हणजे त्या हरल्या की जिंकल्या? प्रश्न चांगला आहे, घाईनं उत्तर देऊ नका. कोर्टाचा शेवटचा निकाल त्यांच्या विरोधातच राहिला. ज्या लग्नाला त्या लग्नच मानत नव्हत्या, त्यातून सुटायला पैसे मोजावे लागले. पण त्यांना हवं होतं ते काय? स्वतःच्या आयुष्यावर स्वतःचा अधिकार. तो मिळाला. ठाम माणूस प्रत्येक गोष्टीवर अडून बसत नाही. काय सोडता येईल आणि काय मेलं तरी सोडायचं नाही, हे त्याला माहीत असतं. पैसे सोडता आले. आयुष्य सोडता येत नव्हतं.

या खटल्यानं संमतीच्या वयावर जी चर्चा पेटवली, ती थांबली नाही. १८९१ मध्ये संमतीवयाचा कायदा झाला आणि मुलींचं संमतीवय दहावरून बारा झालं. आज आपल्याला बारा हा आकडा ऐकूनसुद्धा अंगावर काटा येतो. पण तेवढ्यासाठीही त्या काळी रान पेटलं होतं.

डॉक्टर रखमाबाई

सुटका झाल्यावर रखमाबाई थांबल्या नाहीत. मुंबईच्या कामा हॉस्पिटलातल्या डॉ. एडिथ पेची यांनी त्यांना वैद्यकीय शिक्षणासाठी प्रोत्साहन दिलं, पैसे उभे केले गेले आणि १८८९ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये शिकून १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. परत येऊन सुरतेच्या स्त्रियांच्या दवाखान्यात रुजू झाल्या. तिथं बरीच वर्षं आणि नंतर राजकोटला, अशी मिळून सुमारे पस्तीस वर्षं त्यांनी बायकांवर उपचार केले. प्रत्यक्ष रुग्णसेवा करणाऱ्या आपल्या देशातल्या सुरुवातीच्या स्त्री डॉक्टरांमध्ये त्यांचं नाव आहे. निवृत्तीच्या सुमाराला पडदा पद्धत बंद व्हावी म्हणून त्यांनी लेखणी उचलली. म्हणजे बावीसाव्या वर्षी असलेला ठामपणा पासष्टाव्या वर्षीही तसाच होता. २५ सप्टेंबर १९५५ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय नव्वद.

एक बाजू आणखी

इथवर वाचून आपण मुलींना एवढंच सांगितलं की रखमाबाईंसारख्या ठाम राहा, तर ते अर्धवट शिकवणं होईल. रखमाबाईंच्या नावावर मालमत्ता होती. घरात पुनर्विवाह करण्याचं धाडस दाखवलेली आई होती. वडिलांच्या जागी एक डॉक्टर होता. ओळखीत वकील, संपादक, सुधारक होते. तरीही त्यांना चार वर्षं झगडावं लागलं.

तिलारी घाटाकडच्या किंवा पारगडाच्या पायथ्याच्या एखाद्या वाडीतून एसटीनं शाळेत येणाऱ्या आपल्या मुलीकडं यातलं काय आहे? वडील वर्षातून दोनदा मुंबईहून गणपतीला आणि शिमग्याला येतात. आई रोजगाराला किंवा काजूच्या बागेत. अशा मुलीनं एकटीनं नाही म्हणायचं, ही अपेक्षा तिच्यावर अन्याय करणारी आहे. तिच्या नाहीच्या मागं उभं राहणारं एक तरी मोठं माणूस लागतं. ते माणूस बहुतेक वेळा तिचे शिक्षक असतात. आज कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय अठरा आहे आणि बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ पासून आहे. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर फुकट लागतो. तो वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवा. पोरांना पाठ असला पाहिजे.

वर्गात काय घ्यायचं?

१. तीन आवाज. एकच प्रसंग द्या. उदाहरणार्थ, मित्र पेपरात उत्तर दाखव म्हणतो. तीन मुलांनी तो तीन प्रकारे करून दाखवायचा : दबून, चिडून आणि ठामपणे. बाकीच्यांनी ओळखायचं. हसू येईल, येऊ द्या. हसता हसता फरक कळतो.

२. तीन कड्यांचं वाक्य. मला काय वाटतं, का वाटतं आणि मी काय करणार. रखमाबाईंचा नकार याच तीन कड्यांत बसवून फळ्यावर लिहा. मग मुलांनी आपापला एक प्रसंग त्यात बसवायचा.

३. बोली चालेल. हा सराव चंदगडी बोलीतच होऊ द्या. घरी, रस्त्यावर, एसटीत नाही म्हणायची वेळ येते तेव्हा पोर प्रमाण भाषेत बोलणार नाही. ज्या भाषेत भीती वाटते, त्याच भाषेत धीर आला पाहिजे.

४. पाठीराख्यांची यादी. प्रत्येक मुलानं वहीत पाच मोठ्या माणसांची नावं लिहायची, ज्यांना अडचण सांगता येईल. ज्याच्या यादीत एकही नाव येत नाही, त्या मुलाकडं तुम्ही स्वतःहून लक्ष द्या.

५. चर्चेचा प्रश्न. रखमाबाईंनी दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटवलं ते योग्य होतं का? दोन्ही बाजूंनी बोलू द्या. शेवटी निकाल तुम्ही देऊ नका.

पालकांसाठी

घरात पोरगं नाही म्हणालं की आपल्याला राग येतो. उलट बोलतंय, असं वाटतं. पण जे पोर तुमच्यासमोर कधीच नाही म्हणू शकलं नाही, ते बाहेरच्या माणसासमोर कसं म्हणणार? सुरुवात छोट्या गोष्टींपासून करा. पाहुण्याच्या मांडीवर बसायचं नाही म्हणालं तर जबरदस्ती करू नका. शाखा कोणती घ्यायची, यावर त्याचं म्हणणं पुरतं ऐकून घ्या. त्याच्या मनासारखं दर वेळी व्हायलाच हवं असं नाही. पण त्याला कारण विचारा आणि तुमचं कारण सांगा. मुलीच्या स्थळाचा विषय निघाला तर पहिला प्रश्न तिला विचारा, शेवटचा नव्हे. सखाराम अर्जुन यांनी एकदा नाही म्हटलं, म्हणून त्यांच्या लेकीला आयुष्यभर ते बळ पुरलं.

दीडशे वर्षांपूर्वी एका मुलीला तिची इच्छा सांगण्यासाठी हायकोर्टापर्यंत जावं लागलं. आपल्या वर्गातल्या मुलीला ती सांगायला आपल्या टेबलापर्यंत यावंसं वाटलं, तरी खूप झालं. उद्या हजेरी घेताना एवढं बघा, मान खाली घालून हजर म्हणणारी पोरं किती आहेत. तासाची सुरुवात त्यांच्यापासून करा.